रोजगाराचा आकडा सांगताना पत्ताही सांगा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था 2030 पर्यंत 140 अब्ज डॉलरवरून 300 अब्ज डॉलरवर नेण्याचा आराखडा निती आयोगाने ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारपुढे ठेवला. तेव्हापासून या आराखड्यातला ‘ग्रोथ हब’ हा शब्द आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत इतक्या वेळा छापून आला आहे की, त्याचा नेमका अर्थ विचारणे आता अडाणीपणाचे वाटावे. तरीही तो विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) शिल्पनिदेशक होतो आणि फिटरच्या वर्गाला शिकवण्यात माझी नोकरी सरली. यंत्रशाळेत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, ती म्हणजे माप कोणत्या कडेपासून घ्यायचे हे ठरल्याशिवाय घेतलेल्या मापाला काही अर्थ नसतो. या आराखड्यातून लाखो नवे रोजगार निर्माण होतील असे सांगितले जाते, तेव्हा मला तीच अडचण भासते. हे रोजगार कोणत्या रेल्वे स्थानकापासून किती अंतरावर असतील आणि ते करणाऱ्याचे नाव कोणाच्या हजेरीपटावर असेल, या दोन गोष्टी सांगितल्याखेरीज त्या आकड्याला रोजगाराचे नियोजन म्हणता येणार नाही.

पहिला प्रश्न अंतराचा आहे. 2001 ते 2011 या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली, तर त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 36 टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांवर गेली आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पुढे 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, पण लोंढा थांबला नाही. परळ, लालबाग, गिरगाव सोडून माणसे डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलला राहायला आली. त्यांची कामे मात्र त्यांच्या मागोमाग आली नाहीत. ती नरिमन पॉइंटवरून फार तर वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ, अंधेरी, पवई, ऐरोली एवढीच सरकली. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी सात ते साडेनऊ या वेळेत जी गर्दी दिसते ती रेल्वेची अडचण म्हणून आपण वर्षानुवर्षे चर्चेला घेतो, जादा फेऱ्या आणि पंधरा डब्यांच्या गाड्या मागतो. वास्तविक ती गर्दी हा रोजगाराचा नकाशा आहे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून प्रवासी पडून जीव गेले, तेव्हा स्वयंचलित दरवाजांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु कर्जत-कसाऱ्याकडच्या माणसाला पोट भरण्यासाठी रोज दादर-कुर्ला का गाठावे लागते, हा प्रश्न त्या आठवड्यातही कोणी फारसा विचारला नाही.

हे असेच असायला हवे होते असे नाही. कल्याण-अंबरनाथ पट्टा हा एके काळी मुंबईचे शयनगृह नव्हता. अंबरनाथला आयुध निर्माणी होती, विम्कोची काड्यापेटी होती. शहाड आणि मोहोने येथे रेयॉनचे कारखाने होते. ठाण्यात वागळे इस्टेट आणि रेमंड, तर ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायन व अभियांत्रिकी उद्योगांची रांग होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) 1962 मध्ये स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. सिडको 1970 मध्ये आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) 1975 मध्ये आले, ते मुंबईवरचा भार हलका करण्यासाठीच. त्या काळी नव्या उद्योगांच्या जागेबाबतचे जे धोरण आखले गेले, त्यात मुंबईत नवे मोठे कारखाने नकोत, ते बाहेर जावेत, अशी दिशा होती. ती चुकीची नव्हती. चूक पुढे झाली. कारखाना बाहेर ढकलताना तो या प्रदेशातच राहील याची सोय कोणी केली नाही, आणि जमिनीचे भाव चढू लागल्यावर कारखाना चालवण्यापेक्षा तो बंद करणे मालकाला परवडू लागले.

गिरणगावात जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची पालिका, म्हाडा आणि मालक अशी तीन हिश्श्यांत विभागणी सांगितली होती, 2001 च्या दुरुस्तीने ती केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र तोच प्रकार ठाण्यापलीकडे संपाविना, मोर्चाविना, जवळजवळ आवाज न करता घडला, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ठाण्यातील रेमंडचा कारखाना आणि मोहोन्याचा एनआरसी हा रेयॉनचा कारखाना हे दोन्ही 2009 मध्ये थांबले. आता त्या पट्ट्यात कारखान्याच्या धुराड्याऐवजी गृहसंकुलाची जाहिरात दिसते. आणि गंमत अशी की, जुन्या गिरणी कामगाराला घर द्यायचे म्हटले की सरकारचे बोट शेलू-वांगणीकडे जाते. म्हणजे काम बंद पडलेल्याचे घर आणखी लांब, आणि त्या घरातून नातवंडाने नोकरीसाठी पुन्हा त्याच परळला यायचे.

आता दुसरा प्रश्न, हजेरीपटाचा. माझ्या मते तो अंतराहूनही कठीण आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही अजून भेटतात. नव्वदच्या आसपास उत्तीर्ण झालेला फिटर एक वर्ष अॅप्रेंटिस करून कंपनीत कायम व्हायचा, त्याच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जायचा, आणि त्याच भरवशावर त्याला डोंबिवली पश्चिमेला एका खोलीच्या घरासाठी कर्ज मिळायचे. पंधरा वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या एका मुलाची हकीकत मी जवळून पाहिली आहे. तो एकाच यंत्रावर, एकाच शेडमध्ये सात वर्षे काम करत होता. पण त्या सात वर्षांत कागदावर त्याचे मालक चार झाले. दर अकरा महिन्यांनी काही दिवसांचा खंड, मग नवा ठेकेदार, नवे ओळखपत्र, नवा भविष्यनिर्वाह निधी खाते क्रमांक. ज्या कंपनीच्या यंत्राला त्याचे हात लागत, तिच्या हजेरीपटावर तो एक दिवसही नव्हता. शेवटी कंटाळून त्याने यंत्र सोडले आणि आता तो मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवतो. त्याला मी विचारले की हातातली कला का सोडलीस, तर तो म्हणाला, ‘सर, कायम तिथेही नव्हतो, इथेही नाही. इथे निदान त्याच दिवशी पैसे कळतात.’ या उत्तरावर मला काही बोलता आले नाही.

भिवंडीत हे चित्र अधिक ठळक दिसते. यंत्रमागांचे शहर म्हणून ते देशभर ओळखले जाई. आज नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना दिसतात ती मैलोन्मैल पसरलेली गोदामे. माग भंगारात विकून त्या जागी गोदाम बांधणारेही कमी नाहीत. गोदामातील कामाला मी कमी लेखत नाही, कारण हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. परंतु सणासुदीच्या दोन महिन्यांत भरती आणि संक्रांतीनंतर सुट्टी, बारा तासांची पाळी, ठेकेदाराची गाडी चुकली की खाडा, असा तो रोजगार आहे. आर्थिक वाढीच्या आकडेवारीत हा माणूस ‘लॉजिस्टिक्स क्षेत्रातील रोजगार’ म्हणून मोजला जातो आणि कारखान्यातला कायम कामगारही एक रोजगार म्हणूनच मोजला जातो. या दोघांना एकच मानणारी मोजपट्टी माझ्या यंत्रशाळेत चालली नसती.

यावर उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. असंघटित, एका मालकाकडे न टिकणाऱ्या, आज या गोदीत तर उद्या त्या बाजारात पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला संरक्षण कसे द्यायचे, याचे उत्तर याच महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा करून दिले आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याची रचना साधी पण चतुर होती. मालक बदलत असेल तर बदलू द्या. कामगाराची नोंद मंडळाकडे राहील, मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, बोनस, औषधोपचार हे सर्व मंडळाने पाहायचे. मंडळावर कामगार, मालक आणि शासन अशा तिघांचे प्रतिनिधी. त्याच धर्तीवर 1981 मध्ये सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. घणसोली-कोपरखैरण्यात ज्या हमालाच्या मुलाने पदवी घेतली, त्याच्या मागे हे मंडळ होते. या कायद्याच्या नावाखाली काही जण कारखानदारांकडून खंडणी वसूल करतात ही तक्रार खोटी नाही, आणि तिचा बंदोबस्त पोलिसांनी कठोरपणे करायलाच हवा. पण रोगाचे निमित्त करून औषधच फेकून देण्याचा जो सूर उद्योगजगतातून अधूनमधून लागतो, तो मला पटत नाही.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे आणि त्यात अॅपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद आहे. राजस्थानने त्याआधीच, 2023 मध्ये, अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. या बाबतीत देशाला वाट दाखवणारा महाराष्ट्र आता मागून चालत आहे, ही गोष्ट मला व्यक्तिशः लागते. गोदामातला पॅकर, घरोघरी सामान पोहोचवणारा तरुण आणि ठेकेदारामार्फत यंत्रावर उभा असलेला फिटर या तिघांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर महानगर प्रदेशाचे एक मंडळ स्थापन करण्यास कायद्याच्या दृष्टीने फार मोठी अडचण असेल असे मला वाटत नाही. ठेकेदार बदलला तरी नोंद आणि सेवाकाल तोच राहील, एवढे जरी झाले तरी अकरा महिन्यांच्या खंडाचा सगळा खेळ निरर्थक होईल.

तरुणांना काम शिकवण्यासाठी सरकार काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत 2024 पासून बारावी उत्तीर्णास सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये दरमहा विद्यावेतन दिले गेले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवली गेली. मुदत संपल्यावर हेच प्रशिक्षणार्थी ‘आम्हाला कायम करा’ म्हणत रस्त्यावर उतरले. त्यांना दोष कसा द्यावा? ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या कार्यालयात अकरा महिने संगणकावर नोंदी केलेल्या वेल्डरच्या हातात शेवटी वेल्डिंगचे कोणते कौशल्य आले, हे मला समजलेले नाही. शिकणे हे यंत्रावर होते आणि यंत्र कारखान्यात असते. कारखानाच नसेल तर विद्यावेतन हे बेकारभत्त्याचे सभ्य नाव ठरते.

त्यामुळे शेवटी जमिनीपाशीच यावे लागते. या प्रदेशात चौरस फुटामागे सर्वाधिक पैसा घरबांधणीत मिळतो. दुसऱ्या क्रमांकावर कार्यालयीन इमारती आणि अलीकडे ऐरोली, रबाळे, महापे येथील डेटा सेंटर. डेटा सेंटरमध्ये हजारो कोटींची गुंतवणूक येते हे खरे, पण एकदा उभारणी झाली की एवढ्या मोठ्या इमारतीत कायम काम करणारी माणसे मोजकीच असतात. पाणी आणि वीज मात्र भरपूर लागते. ज्या भूखंडावर पूर्वी दोन पाळ्यांत कामगार आत-बाहेर करत, त्यावर आता दिवसभर वातानुकूलन यंत्रणा घोंघावते. उद्योगाला भूखंड किंवा सवलत देताना गुंतवणुकीचा आकडा पाहण्याऐवजी एकरामागे किती कायम नोकऱ्या मिळणार हे पाहावे, अशी साधी अट एमआयडीसीला घालता येईल. स्थानिकांना 80 टक्के आणि पर्यवेक्षकीय पदांत 50 टक्के रोजगार देण्याबाबतचा शासन निर्णय 2008 पासून आहे. तो पाळला जातो की नाही यावर दर निवडणुकीत घसे कोरडे होतात, पण मुळात ठेकेदाराच्या माणसांना त्या टक्केवारीत कसे मोजायचे हा कळीचा मुद्दा कोणाच्याच भाषणात येत नाही.

छोट्या उद्योजकाची कथा वेगळी. लेथ, मिलिंग आणि दोन-चार कामगार एवढ्यावर चालणारा गाळा हा खरा रोजगार देणारा घटक आहे, आणि आज त्याला भाड्याने गाळा मिळणे अवघड झाले आहे. बहुमजली गाळ्यांच्या इमारती ही कल्पना जुनी असली तरी आजही योग्यच आहे. फक्त तिच्यात मालवाहू लिफ्ट आणि पुरेसा विद्युतभार असावा, एवढे इमारत काढण्यापूर्वी एखाद्या टर्नरला विचारून घ्यावे.

डोंबिवलीत राहणाऱ्याने ‘कल्याण ग्रोथ सेंटर’चा उल्लेख केला नाही तर शेजारी बोल लावतील. निळजे, घेसर, हेदुटणे परिसरातील दहा गावांत वांद्रे-कुर्ला संकुलासारखे व्यापारी केंद्र उभे राहील, असे 2015-16 च्या सुमारास आम्हाला सांगण्यात आले. तेव्हा दहावीत असलेली मुले आज पदवीधर होऊन मुंबईच्या लोकलमध्ये उभी आहेत. भूमिपुत्रांची जमीन, मोबदला, नगररचना योजना यांच्या चर्चा झाल्या, हरकती झाल्या. या काळात त्या टापूत उंच निवासी मनोरे भराभर उभे राहिले, पण व्यापारी केंद्र नकाशातच राहिले. शेतकऱ्यांच्या हरकती गैर होत्या असे मी मानत नाही. नवी मुंबईच्या वेळी काय घडले ते त्यांनी पाहिले आहे. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच माणसांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मान्य झाला. नवी मुंबई विमानतळासाठी तो साडेबावीस टक्क्यांवर गेला. भूखंड मिळाले, अनेकांनी ते विकले, बंगले झाले. पण 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या त्या विमानतळावर उलवे-पनवेलच्या मुलाला विमानाच्या देखभालीचे तंत्रज्ञ म्हणून काम मिळते की सुरक्षारक्षक आणि गाडीचालक म्हणून ठेकेदाराकडे, यावर त्या सगळ्या संघर्षाचे फलित ठरणार आहे. विमान देखभालीचे प्रशिक्षण देणारे अभ्यासक्रम त्या परिसरातील आयटीआयमध्ये विमानतळाच्या पायाभरणीबरोबरच सुरू व्हायला हवे होते. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली आहे. पालघरच्या बाबतीत निदान हा उशीर टाळता येण्यासारखा आहे.

कल्याण-तळोजा मेट्रो-12 आणि ऐरोली-काटई मार्ग यांचे मी मनापासून स्वागत करतो. पण रस्ता आणि मेट्रो दोन्ही दिशांनी धावतात. काटईच्या बाजूला काम नसेल तर हा मार्ग आम्हाला ऐरोलीला अधिक लवकर नेईल, एवढेच. अटल सेतूबाबतही मला हेच वाटते. स्त्रियांच्या बाबतीत तर अंतर हाच निर्णायक घटक आहे. माझी सून अभियांत्रिकी पदविकाधारक आहे. बाळ झाल्यावर तिने महाप्याची नोकरी सोडली, कारण पाळणाघर सात वाजता बंद होई आणि ती साडेसातच्या आधी पोहोचू शकत नसे. आमच्या इमारतीत अशा पाच जणी आहेत. त्यांची शिक्षणे, अनुभव आणि इच्छा शाबूत आहे. अर्धा तास चालत किंवा रिक्षाने जाता येईल असे काम या भागात असते, तर ग्रोथ हबला लागणारे मनुष्यबळ इथेच मिळाले असते.

एमएमआरडीएचा 2025-26 चा अर्थसंकल्प 40 हजार कोटी रुपयांच्या वर आहे. त्यातील प्रत्येक उड्डाणपुलाची लांबी, प्रत्येक मेट्रोच्या स्थानकांची संख्या आपल्याला कळते. त्याच अर्थसंकल्पासोबत महानगर प्रदेशातील प्रत्येक महापालिकेच्या हद्दीत त्या वर्षी किती कायम नोकऱ्या वाढल्या, किती ठेकेदारीतील वाढल्या आणि किती औद्योगिक भूखंड निवासी वापरात गेले, याचा एक तक्ता प्रसिद्ध करण्याची मागणी लोकप्रतिनिधींनी करावी. भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा योजना आणि एमआयडीसी या तीन यंत्रणांकडे या माहितीचा बराच भाग आजही आहे.

सर्वांत तातडीचा प्रश्न आमच्या घराजवळचा आहे. मे 2016 आणि मे 2024 मधील स्फोटांनंतर डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील धोकादायक रसायन कारखाने अन्यत्र हलवण्याचे सरकारने जाहीर केले. ते हलावेत याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. दोन्ही वेळा आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरली आहेत. मात्र रिकाम्या होणाऱ्या भूखंडांवर काय येणार, आणि त्या कारखान्यांतील कामगारांनी, त्यातही ठेकेदाराच्या कामगारांनी, पुढे कुठे हजेरी लावायची, हे कारखान्याच्या दारावर कुलूप लागण्याआधी एमआयडीसीने लेखी जाहीर करावे. तिथे अभियांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स किंवा अन्नप्रक्रिया असे प्रदूषणमुक्त उद्योगच येतील आणि एकही भूखंड निवासी वापरासाठी बदलून दिला जाणार नाही, असे त्या निवेदनात स्पष्ट लिहिलेले असावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
डोंबिवली (पूर्व)